तोफ नंबर तीनची हजेरी

मी, हिरामण काशिनाथ कोळंबे, वय वर्षे सदुसष्ट, तोफखान्यातून निवृत्त हवालदार, राहणार पळसदरी, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या हाताने व माझ्याच अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी अंबाबाई, ती सहा वर्षांपूर्वी गेली. डोके ठिकाणावर आहे. कान बरेचसे गेले आहेत. बावीस वर्षे तोफेजवळ काढून ज्याचे कान शाबूत राहिले, त्याने नोकरी चुकवली असे समजावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यात जे लिहीन ते शेवटचे.

कलम एक : देह. रडारड माफक करावी. सलामी मागायला कोणी कचेरीत जाऊ नये. बावीस वर्षांत मी शत्रूवर एकही गोळा टाकलेला नाही. अठ्ठ्याण्णवला निवृत्त झालो आणि नव्याण्णवचे कारगिल याच खोलीत टीव्हीवर पाहिले. आमचीच तोफ, आमचीच पोरे, आणि मी हातात चहाचा कप धरून बसलेला. ते दोन महिने मी घरात कोणाशी धड बोललो नाही, अंबाबाईला फार छळले. ते येथे कबूल करतो. रक्षा धरणात टाकू नये, ते पाणी लोक पितात. खाली नदीला सोडावी.

कलम दोन : घर. राहते घर, परसातली बावडी व नारळाची चार झाडे मुलगा विकास यास. तो खोपोलीला कारखान्यात नोकरीला आहे, येऊन जाऊन असतो. घरावर कसलीही अट नाही. ठेवावी असे मनात होते, ठेवली नाही. कौले दर दोन वर्षांनी शाकारावीत. पत्रे टाकू नयेत. पत्र्यावर पाऊस पडला की मला सगळा मारा आपल्यावर चालला आहे असे वाटते, आणि मी मेल्यावरही मला तसे वाटणार नाही याची खात्री कोण देतो?

कलम तीन : माळ. धरणाच्या वरच्या अंगाला अकरा गुंठे माळ मी निवृत्तीनंतर स्वकष्टाच्या पैशाने घेतला. तोही विकासचा. शनिवार-रविवारी मुंबईकडची मंडळी तेथे उभी राहून फोटो काढतात आणि "काका, प्लॉट द्यायचाय का?" विचारतात. विकायचा की ठेवायचा ते विकासने ठरवावे. मात्र माळावरच्या जांभळाखाली दसऱ्याच्या सकाळी यायचा हक्क बुधी वाघ्या निरगुडा, राहणार ठाकरवाडी, हिला तिच्या हयातीपर्यंत राहील. का, ते पुढे येते.

कलम चार : वह्या. लोखंडी ट्रंकेत दोनशे पानी सात वह्या आहेत. त्या विकासची मुलगी, माझी नात रिया, वय नऊ, हिला द्याव्या. त्यांत स्वीडन देशातल्या एका तोफखाना रेजिमेंटचा इतिहास मराठीत लिहिला आहे. रेजिमेंटचे नाव पहिल्या पानावर त्यांच्या लिपीत आहे. मला ते पंचवीस वर्षांत नीट उच्चारता आले नाही, म्हणून मी तिला लार्सची पलटण म्हणतो. ती पलटण आता नाही.

पळसदरीच्या माणसाला स्वीडनच्या पलटणीशी काय देणेघेणे, असे गावात पुष्कळांनी विचारून झाले आहे. त्यांना कधी उत्तर दिले नाही, येथे देतो. सत्त्याऐंशी साली स्वीडनची नवी तोफ आमच्या हाती आली. तिचे नाव काढले की लोकांना दलालीचे एकच प्रकरण आठवते. आम्हाला तोफ आठवते. शिकवायला तिकडची काही माणसे देवळालीला आली होती, त्यांत लार्स होता. माझ्याच वयाचा, ताडमाड, उन्हाने गाजर झालेला. इंग्रजी त्याचेही मोडके आणि माझेही मोडके, त्यामुळे दोघांना एकमेकांचे सगळे समजे.

तोफखान्याला निशाण नसते, तोफ हेच निशाण. दसऱ्याला आम्ही तोफा धुतल्या, हळदकुंकू लावले, नळीला झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. लार्सने टोपी काढली आणि पूजा संपेपर्यंत तसाच बोडका उन्हात उभा राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिरामन, आमची पण एक तोफ अशी आहे. पण ती तळ्यात आहे."

त्याची पलटण तीनशे वर्षांपूर्वीची. सुरुवातीला राजांच्या लढायांत तिने भरपूर गोळे टाकले. मग देशाने लढायाच सोडल्या आणि पुढची दोनशे वर्षे ती पलटण नुसती तयार राहिली. तोफ पुसायची, घोड्यांना खरारा करायचा, हिवाळ्यात बर्फावरून तोफ ओढत न्यायची आणि परत आणायची. माणसे भरती झाली, म्हातारी झाली, गेली, शत्रू आलाच नाही. हे ऐकून आमची पोरे हसली. मला हसू आले नाही. अशी पलटण जगात असू शकते, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

एकोणीसशे सात सालच्या मार्च महिन्यात तोफ नंबर तीन गोठलेल्या तळ्यावरून नेत असताना बर्फ फुटले. तेरा जीव खाली गेले. तोफ अजून तळाशी आहे. तेव्हापासून दर वर्षी तळ्याकाठी त्या तेरांची हजेरी होई. अधिकारी नाव पुकारी, आणि त्या वर्षी ज्याची तीन नंबर तोफेवर नेमणूक असेल तो मेलेल्याच्या वतीने "हजर" म्हणे. मेलेल्याला गैरहजर लागू द्यायचे नाही, असा त्या पलटणीचा कायदा.

सन दोन हजारमध्ये लार्सचे पत्र आले. लढाईची भीती सरली म्हणून तिकडच्या सरकारने बऱ्याच पलटणी मोडल्या, त्यांत ही गेली. बराकीत आता शाळा भरते, तबेल्यात फर्निचरचे दुकान आहे. त्याने लिहिले होते : "मी एकटा तळ्यावर गेलो. पुकारणारा मी आणि उत्तर देणाराही मी. ते बरोबर वाटले नाही. तुमच्याकडे तोफेला फुले घालतात, त्या दिवशी तू हजेरी घेशील का?" मी पत्र पाठवले : घेईन, जिवंत असेपर्यंत. अकरा वर्षांपूर्वी लार्स गेला, त्याच्या मुलीने कळवले. मी शब्द दिला होता तो माझ्या जिवंतपणाचा, त्याच्या नव्हे, म्हणून हजेरी चालू राहिली. आता माझा जिवंतपणा संपत आला, म्हणून हे मृत्युपत्र.

रियासाठी एक गोष्ट जास्तीची लिहितो, कारण तिने विचारले होते, "आजोबा, ती तोफ खाली काय करते?" दुपारी जेवून आडवा झालो की पुष्कळदा मला आपले धरण गोठलेले दिसते. पांढरे, सपाट, कडेपर्यंत. त्यावरून सहा घोड्या येतात, घाई नाही, नाकातून भाताच्या तपेल्यासारखी वाफ. मागे तोफ. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिन लावतात तसे कोणीतरी ढकलत असते, पण कोण ते दिसत नाही. त्या जांभळापाशी थांबतात आणि माझ्याकडे बघतात, मी यादी आणली आहे की नाही म्हणून. मग खरी मालगाडी शिट्टी देते आणि मी उठतो. बाळे, ती तोफ खाली वाट बघते, एवढेच करते.

कलम पाच : यादी. मूळ कागद ट्रंकेत प्लास्टिकमध्ये आहे. हरवला तर असावी म्हणून येथे उतरवून ठेवतो. ओलोफ. निल्स. युहान. स्वेन. अंडेश. एरिक. पेर. त्यानंतर ब्लेंडा, ब्रूना, फ्रेया, दागनी, रोसा, स्वाला.

आता या कलमात माझी एक चूक नोंदवतो. लार्सने यादी पाठवली ती नुसती नावांची, आणि "तेरा जीव" एवढेच मला ठाऊक. दसऱ्याआधी पितृपक्ष आला. म्हटले, ज्यांची हजेरी घ्यायची त्यांना आधी एक घास तरी घालावा. कर्जतच्या गुरुजींना यादी दाखवली. ते म्हणाले, "सात पुरुष दिसतात, खालची सहा बायकांची नावं. एकाच दिवशी गेल्या म्हणता? मग नवऱ्याबरोबर गेल्या, सवाष्ण गेल्या. त्यांची अविधवा नवमी करा. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा." मला ते तंतोतंत पटले. आपल्याकडेही श्राद्धात आधी पुरुषांची नावे घेतात, मग बायकांची.

तेव्हापासून नऊ वर्षे अंबाबाईने अविधवा नवमीला गावातल्या सहा सवाष्णी जेवायला बसवल्या. एक ब्लेंडाच्या नावाने, एक ब्रूनाच्या, अशा. पुरणपोळी, खीर, खणानारळाने ओटी, हातभर बांगड्या. मग दोन हजार नऊ साली लार्सने जुन्या तबेल्याचा फोटो पाठवला. सहा ठाणी, प्रत्येकावर एक पितळी पाटी. ब्लेंडा, ब्रूना, फ्रेया, दागनी, रोसा, स्वाला.

मी फोटो घेऊन अंबाबाईकडे गेलो. तिने विचारले, मी सांगितले. ती भिंतीला टेकून हसत बसली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आमच्या व्याह्यानं तर सा धाडल्या!" मी म्हटले, आता नवमी बंद. तशी हसू थांबवून माझ्यावरच उखडली. "बंद का म्हनून? घोड्या झाल्या म्हनून काय झालं वो? बायामानसंच ती. जलमभर वडवड वडलं आन् मालकासंगती बुडाल्या. त्यांना कुनी विचारलं व्हतं का, बर्फावर यायचंय का म्हनून?" बोलता बोलता ती रडायलाच लागली. बावीस वर्षांत दर बदलीला मी तिला काय विचारले होते, ते मला त्या दिवशी आठवले. नवमी ती असेपर्यंत चालू राहिली.

कलम सहा : जुने भांडण. शेजारीण रोहिणी ही नऊ वर्षे ब्लेंडाच्या नावाने जेवली. फोटोची बातमी गावभर झाली तेव्हा तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की भर रस्त्यात म्हणाली, "घोडीच्या नावानं मला जेवू घातलं? मी काय चंदी खाते?" सोळा वर्षे झाली, आमच्या दारावरून जाताना मान फिरवते. मी तिच्यावर राग धरला होता, तो या कलमाने सोडतो. कपाटात नवमीसाठी आणून ठेवलेले सहाही कोरे खण तिला द्यावेत आणि सांगावे की ब्लेंडा ही सहांत सगळ्यांत पुढे चालणारी घोडी होती, तिथे ऐरीगैरी लावत नसत. याने राग गेला तर ठीक. नाही तर तिचा राग तिच्याकडे.

कलम सात : सून सुप्रिया. अंबाबाईची सहा पितळी ताटे तिला. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी तिलाच नेमतो. ती फटकळ आहे, पण वाटणीत काडीचा फरक करणार नाही. नवमी करायची की नाही ते तिला विचारून झाले आहे. म्हणाली, "करीन, पण खीर करीन, पुरण नाही. पुरण मला जमत नाय." खीर चालेल.

कलम आठ : हजेरी. हे खरे कलम, बाकीची तोंडीलावणी. पहिल्या दसऱ्याला, दोन हजार साली, जांभळाखाली मी नांगराचा फाळ, कोयता आणि माझा जुना पट्टा मांडून पूजा केली. तोफ कुठून आणू? बुधी आणि तिचा नवरा वाघ्या गवताचे भारे घेऊन चालले होते, ते थांबले. वाघ्याने विचारले, "काय चाललाय, फौजीदादा?" मी सांगितले. त्याने भारा उतरवला आणि म्हणाला, "मंग आमीबी उभं ऱ्हातो." पुरुषांच्या नावांना वाघ्या हजर म्हणे, खालच्या सहा नावांना अंबाबाई. फक्त सातवे नाव, पेर, ते विकासचे. पेर सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांचा, बिगुल वाजवणारा, हे लार्सने पुढे कळवले. विकास तेव्हा बारा वर्षांचा. असा खणखणीत "हजर" म्हणायचा की पाण्यावरचे बगळे उडत.

अंबाबाई गेली, नंतर वाघ्याही गेला. तेव्हापासून बारा नावांना बुधी एकटी हजर म्हणते. तिला लिहितावाचता येत नाही, यादी पाठ आहे, माझ्यापेक्षा बरी म्हणते. तेव्हा हजेरीचा कारभार मी तिच्या हवाली करीत आहे. लार्सने पाठवलेली फ्रेयाची पितळी पाटी तिला द्यावी. तिने ती शेळ्यांच्या गोठ्याला लावणार म्हणून सांगितले आहे. लावावी. तिच्यानंतर कोण, हे तिने पाहावे.

कलम नऊ : पेर. विकासने पाच वर्षे पेरची हजेरी दिली. पाचव्या दसऱ्याला त्याचे कर्जतचे मित्र आले होते. त्यांनी ऐकले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कॉलेजात पेरूवाला झाला. पुढच्या दसऱ्याला मी नाव पुकारले, तो गप्प. पुन्हा पुकारले. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "मेलेल्या गोऱ्यांच्या नावानं हजर म्हनायला मी पायजे. आन् माझ्या शाळेत, माझ्या आजारपनात, तुमी कवा हजर व्हता, बाबा? आईनं किती येळा नाव घेतलं तुमचं, कोन बोललं हजर?" आणि माळ उतरून गेला.

त्याचे खोटे नव्हते. पण मी हवालदार माणूस, हजेरीत उलट बोललेले मला सहन झाले नाही. आम्ही दोघे एका ताटात जेवतो, तो माझी औषधे आणतो, डॉक्टरकडे नेतो, पण या विषयावर वीस वर्षांत एक शब्द नाही. दर दसऱ्याला मी पेरचे नाव पुकारतो, थोडा थांबतो आणि पुढे जातो. त्याला गैरहजर लागते. दहा दिवसांपूर्वीही लागले. बुधी म्हणाली होती, "दादा, त्यालाबी मीच बोलतंय की." मी तिला बोलू दिले नाही.

म्हणून असे लिहितो, की माझ्यामागे पेरच्या नावाला कोणीही उत्तर देऊ नये. बुधीने नाव पुकारावे, थांबावे, पुढे जावे. ते नाव ज्याचे होते त्याने सोडले. दुसऱ्या कोणाला ते मिळणार नाही.

येथवर मृत्युपत्र पूर्ण झाले होते. पुढील मजकूर त्याच दिवशी, सह्या होण्यापूर्वी, माझ्याच हाताने.

दुरुस्ती. साक्षीला कर्जतच्या डॉक्टर संध्याताई आणि पोस्टमन सुनील असे दोघे आले. लार्सची सगळी पत्रे सुनीलच्याच हातून आली. आजचा रविवार म्हणून विकास घरी होता. तो बाहेर ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. बुधी दारात होती. डॉक्टर म्हणाल्या, "काका, सगळं मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे तुम्ही शुद्धीवर आहात असं मला लिहिता येईल." मला ऐकू कमी येते, त्यामुळे माझे मोठ्याने म्हणजे धरणापलीकडे जाईल एवढे. वाचत वाचत कलम पाचला आलो. यादी मला नुसती वाचता येत नाही, सवयीने पुकारली जाते. ओलोफ. दारातून बुधी हजर म्हणाली. निल्स, युहान, स्वेन, अंडेश, एरिक. सगळ्यांना ती हजर म्हणाली. मग पेर. मी थांबलो. पुढे जाणार एवढ्यात ओट्याकडून काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले.

माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. हा शब्द मी दुपारच्या झोपेत शेकडो वेळा ऐकला आहे आणि उठून पाहिले तर ओटा रिकामा असतो. म्हणून मी डॉक्टरांना विचारले, "कोणी काही बोललं का?" त्या नुसत्या ओट्याकडे बघत राहिल्या. सुनीलला विचारले, तो चष्मा पुसत होता. तेव्हा मी पुन्हा पुकारले, "पेर!" विकास उठून दारात येऊन उभा राहिला. त्याचे केस आता कानापाशी पांढरे झाले आहेत, ते मी आज पाहिले.

"हजर," तो म्हणाला. "ओरडता कशाला, बाबा? पयल्या टायमालाच बोललो मी."

मला पुढचे नाव वाचता आले नाही. बुधीनेच सहाही घोड्या पुकारल्या आणि तिनेच हजेरी दिली. नंतर मी उरलेली कलमे वाचली, पण नवव्याशी येऊन थांबलो, ते त्याच्यासमोर वाचले नाही.

सबब कलम नऊ पूर्ण रद्द. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी माझी व साक्षीदारांची सही घेतली आहे. खोडलेले वाचता येते. ते तसेच राहू द्यावे, मी काय लिहिणार होतो ते विकासला कळले तरी हरकत नाही. हजेरीत आज तेराच्या तेरा हजर.

मृत्युपत्र करून देणार :
हिरामण काशिनाथ कोळंबे (सही)

साक्षीदार. वरील इसमाने आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने सही केली. त्यांना ऐकू कमी येत असल्याने त्यांच्या सांगण्यावरून हेही लिहून देतो, की वर नमूद केलेला "हजर" हा शब्द आम्ही दोघांनी दोन्ही वेळा आमच्या कानांनी ऐकला.

१. डॉ. संध्या दळवी, कर्जत (सही)
२. सुनील ठोंबरे, पोस्टमन, पळसदरी (सही)

स्थळ : पळसदरी, तालुका कर्जत
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५, रविवार